म्होरलं डावं चाक

घराला लागून गॅरेज होतं की गॅरेजला लागून घर, यावर आईचं आणि आप्पांचं कधीच एकमत झालं नाही. कोरेगावातून साताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे तेलानं काळी पडलेली मोकळी जागा आणि मधल्या भिंतीला एक दार. दाराच्या अलीकडे चुलीवर भाकरी भाजली जायची, पलीकडे गाड्या जॅकवर चढायच्या. आपल्या घरच्या भाकरीलाही ग्रीसचा वास येतो, असं आई येईल त्याला सांगायची. तो यायचाच. पण हिरव्या मिरच्या तव्यावर भाजून, शेंगदाणे घालून, तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडलेला तिचा ठेचा पुढे आला की कुणाला वासाचं काही वाटायचं नाही.

आप्पा पलटणीत ट्रक चालवायचे आणि बंद पडला तर दुरुस्तही करायचे. पेन्शन घेऊन घरी आले ते एक काळी ट्रंक, कडक इस्त्रीची सवय आणि एक विलक्षण कान घेऊन. माणसाचं बोलणं त्यांना अर्धंच ऐकू जातं, अशी आईची तक्रार होती. गाडीचं मात्र सगळं ऐकू जायचं. चहाची बशी तोंडाला लावलेली असताना रस्त्यानं एखादा ट्रक जायचा आणि हे बशीतूनच म्हणायचे, "ह्याचं ब्रेक लाइनर संपलंय. कराडपतूर जातोय का न्हाई कुणास ठावं."

आम्ही दोघी बहिणी. अक्काला गाडीत बसलं की मळमळायचं, म्हणून आप्पांची सगळी विद्या माझ्या वाट्याला आली. गिऱ्हाइकाची गाडी आली की ते मला मागच्या सीटवर बसवायचे, डोळे मिटायला सांगायचे आणि रेल्वेच्या फाटकापर्यंत नेऊन आणायचे. "इंजान का चाक?" हा पहिला प्रश्न. चालत्या गाडीचा क्लच दाबून ते इंजिन बंद करायचे आणि गाडी नुसती घरंगळू द्यायचे. आवाज थांबला तर इंजिनाचा, राहिला तर चाकाचा. मग पुढचं. वेगाबरोबर वाढत जाणारी घूंऽऽ म्हणजे बेअरिंग. उजवीकडे वळताना ती घूं मोठी झाली तर डाव्या बाजूचं, कारण वळताना भार तिकडे जातो. बुडाखाली थप् थप् म्हणजे टायरला फुगा आलाय. कोरडी, उतावळी टिक् टिक् म्हणजे टायरच्या खाचेत खडा बसलाय, घाबरायचं कारण नाही. मी बरोबर सांगितलं की ते नुसते "हं" म्हणायचे. त्या "हं"साठी मी आठवडाभर डोळे मिटून बसायला तयार होते.

एक आवाज मात्र त्यांनी मला मुद्दाम ऐकवला. एका जुन्या गाडीच्या चाकाची नटं सैल करून आमच्याच मोकळ्या जागेत ती गोगलगायीच्या चालीनं फिरवली. कट्... कट्... कट्. जाडसर, खोल, पायाखालून येणारा. चाक आपल्या जागी डुलायला लागलं की हा आवाज येतो, आणि तोही सावकाश चालीतच. वेग घेतला की तो लपतो आणि चालवणाऱ्याला वाटतं, बरं झालं, गेला. "ह्यो आवाज आला की गाडी एक पाऊल म्होरं न्यायची न्हाई," आप्पा म्हणाले होते. "आत देव बसला असला तरी खाली उतरवायचा." ते कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला होता.

आता माझ्या नातवाच्या गाडीत पुढे काचेची पाटी आहे. कुठल्या चाकात हवा कमी आहे ते ती पाटी सांगते, वर गाणीही लावते. नातू म्हणतो, आजी, तू डोळे मिटून का बसतेस, झोप लागते का? मी हो म्हणते. एवढं सगळं त्याला कुठून सांगत बसू?

आप्पा देवभोळे अजिबात नव्हते. जत्रेला जायचे ते भजी खायला. पण खंडेनवमी आली की त्यांच्यात वेगळाच माणूस संचारायचा. आदल्या दिवशी सगळे पाने, पकडी, हातोड्या, जॅक रॉकेलनं धुऊन, पुसून चकाकते करायचे. नवमीला सकाळी अंघोळ करून, पलटणीतला जुना शर्ट घालून ते धुतलेल्या पोत्यावर ही हत्यारं लहानमोठी क्रमानं मांडायचे. हळदकुंकू, झेंडू, नारळ. एकदा हत्यार पूजेत बसलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पलटणीतल्या त्यांच्या उस्तादानं त्यांना सांगितलं होतं, हे वर्षभर तुझ्यासाठी राबतं, एक दिवस तू त्याच्यासाठी थांब. त्या दिवशी गिऱ्हाईक आलं तर त्याला चहा मिळायचा, गाडीतलं दुखणं काय आहे तेही कळायचं, पण पाना उचलला जायचा नाही. एकदा एका बड्या माणसाची गाडी दिवसभर दारात उभी राहिली होती आणि तो माणूस आमच्या खाटेवर झोपला होता. पंचक्रोशीत आप्पांच्या या नेमाचं कौतुक होतं. मलाही होतं.

त्या वर्षी मी अकरावीला होते. अक्काचं लग्न तासगावाकडे झालेलं, तिला सातवा महिना होता आणि पहिलं बाळंतपण म्हणून दाजी तिला आमच्याकडे पोचवायला येणार होते. दाजींच्या घरची द्राक्षाची बाग होती. नुकतीच त्यांनी लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली होती. माणूस उंचापुरा, हसरा, चालायचा तेव्हा जमीन दणदणायची. बागेत दिवसभर उभा असायचा आणि संध्याकाळी पुन्हा गावभर फिरायचा. मला ते "मेव्हणीबाई" म्हणायचे आणि माझ्या कानाची यथेच्छ टिंगल करायचे.

नवमीच्या दुपारी जेवणाच्या वेळेला जीप दारात आली. आई भाकरतुकडा ओवाळायला पुढे धावली. अक्का उतरली ती पोटाला हात लावून. आईनं पहिलं काय केलं असेल तर जावयाला फैलावर घेतलं.

"असल्या धक्क्याच्या गाडीतनं आणायचं का तिला, पाव्हणं? एसटी काय बंद पडली व्हती?"

"आवं मामी, एसटीपरास बरी ही," दाजी हसत म्हणाले. "वाटंत पुसेसावळीजवळ पंचर झाली, तर हिला झाडाखाली बसवली आन धा मिनटात चाक बदललं. एकट्यानं."

आप्पा दारात उभे होते. त्यांनी जीपकडे पाहिलं, मग दाजींकडे, आणि म्हणाले, "हातपाय धुवा. पानं वाढल्यात."

जेवायला पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, बटाट्याची भजी. आई पोळीवर तुपाची धार धरायची आणि दाजी हात आडवा घालायचे, असं बराच वेळ चाललं. आप्पा फारसं जेवले नाहीत. नवमीला ते तसे गंभीरच असत, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. जेवण झाल्यावर दाजी मला म्हणाले, "काय मेव्हणीबाई, तुमच्या कानाची परीक्षा घिऊ का? माझी जीप सकाळपासनं टिक् टिक् करतीया. सांगा बघू काय झालंय."

मी ऐटीत बाहेर गेले. जीप चार हात पुढे-मागे करायला लावली, वाकून पाहिलं. मागच्या टायरच्या खाचेत चांगला बोराएवढा खडा बसला होता. पेचकस पूजेत. मी वेणीतला आकडा काढला आणि त्यानं खडा उकरून दाजींच्या हातावर ठेवला. मग काय विचारता! दाजींनी तो खडा आईला दाखवला, अक्काला दाखवला, रस्त्यानं चाललेल्या दोघातिघांना बोलावून दाखवला. "आमच्या मेव्हणीनं केसाच्या आकड्यानं गाडी दुरुस्त केली!" मी लाजले, पण आतून फुलून गेले होते. आप्पा खाटेवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. ते "हं" म्हणाले नाहीत, एवढं मात्र माझ्या ध्यानात आलं.

तेवढ्यात आईच्या मनात आलं की नवमीच्या दिवशी गाडी दारात आलीच आहे, तर तिचीही पूजा करावी. बॉनेटला कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मग तिला सीटखाली जीपचा जॅक आणि चाकाचा पाना दिसला. "ही बी हत्यारंच की," ती म्हणाली आणि दोन्ही उचलून, धुऊन, आप्पांच्या हत्यारांच्या शेजारी पोत्यावर मांडली. हळदकुंकू वाहिलं.

"आता ही उद्याच उठणार बघा मामी," दाजी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्यात. दिवाळीला याल तवा न्या."

दाजींनी हात जोडून पोत्याला नमस्कार केला.

चारच्या सुमारास ते निघाले. आप्पा म्हणाले, "ऱ्हावा की आज. सकाळी जावा." दाजी म्हणाले, उद्या शिलंगण, घरी म्हातारी एकटी. आप्पा पुन्हा म्हणाले, "ऱ्हावा." आणि ते जीपमध्ये बसल्यावर आणखी एकदा, हुडाच्या दांडीला हात लावून म्हणाले, "जावईबापू, ऱ्हायला असता तर बरं झालं असतं." दाजी हसले, वाकून त्यांच्या पाया पडले आणि त्यांनी जीप चालू केली. लिंबं फुटली. जीप वळवायला त्यांनी मागे घेतली, पुढे घेतली, चाक पूर्ण वळवलं.

कट्... कट्... कट्.

मी आईच्या मागे उभी होते. खडा तर मी काढला होता, आणि हा खड्याचा आवाज नव्हताच. पुढचं डावं. दहा मिनिटांत बदललेलं चाक. मला एका क्षणात सगळं कळलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की मी तोंड उघडलं तर काय होईल. आप्पांना रस्त्यावरच्या दहा माणसांदेखत पूजेतला पाना उचलावा लागेल, किंवा ऐकूनसवरून जावयाला तसंच सोडावं लागेल. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा अगदी स्थिर होता. मला वाटलं, यांना काहीच ऐकू आलेलं नाही. यांना ऐकू आलं नाही म्हणजे तो आवाज नाहीच, मला भास झाला. आणि आताच माझं एवढं कौतुक झालं होतं, त्यावर पुन्हा पुढे पुढे करून चुकले असते तर? खोटं कशाला बोलू, हाही विचार आला. जीप रस्त्याला लागली, तिनं वेग घेतला आणि आवाज नाहीसा झाला. मी हात हलवला.

दिवेलागणीला विट्याकडून आलेला एक ओळखीचा ट्रकवाला दारात थांबला. तो खाली उतरला, आप्पांना बाजूला घेऊन काहीतरी म्हणाला. मी कंदिलाची काच पुसत होते. आप्पा एकदम खाली बसले. खाटेवर नाही, तेलकट जमिनीवर, इस्त्रीच्या शर्टासकट. आप्पांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. विट्याच्या अलीकडच्या उतारावर जीपचं पुढचं चाक निघून शेतात गेलं होतं आणि जीप मोरीवरून ओढ्यात कलंडली होती. दाजींना मिरजेला नेलं होतं. "जीव हाय," ट्रकवाला एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. माझ्या हातातली काच कशी पडली नाही, मला अजून कळत नाही. मी ती पुसतच राहिले, अंधार पडला तरी पुसत राहिले. शेवटी आईनं ती माझ्या हातातून काढून घेतली. अक्काला सांगितलं ते इतकंच, की पायाला थोडं लागलंय.

दसऱ्याच्या पहाटे आप्पा आणि मी एसटीनं निघालो. आईला अक्काजवळ थांबणं भाग होतं. आप्पा पोत्यासमोर क्षणभर उभे राहिले आणि हत्यारं तशीच सोडून बाहेर पडले. एसटीत माणसं नवे कपडे घालून बसलेली, टोप्या, गजरे. कंडक्टरनं तिकिटाबरोबर आपट्याचं पान दिलं. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं मागे वळून आप्पांच्या हातात पानं कोंबली, "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा." आप्पांनी ती घेतली, कपाळाला लावली. सांगलीपर्यंत आमच्या दोघांच्या ओंजळी भरल्या. मी खिडकीतून बघत होते, आणि एसटीच्या चाकांचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून मनात पाढे म्हणत होते.

दवाखान्यात दाजी पांढऱ्या चादरीखाली झोपले होते. चादर दोन्ही पायांवर सारखी पडलेली नव्हती. डावीकडे गुडघ्याच्या थोडं खाली ती एकदम सपाट होत होती. मी त्या सपाट जागेकडे बघत राहिले. तिथे काहीतरी असायला हवं होतं आणि ते नव्हतं, एवढीच गोष्ट माझ्या डोक्यात शिरेना. हा माणूस काल आमच्या अंगणात दणदण चालला होता.

दाजी जागे होते. बोलले ते अगदी हळू.

"मामा, मी थांबलो हुतो वो. उताराच्या आदी एक बैलगाडी आडवी आली, म्हणून जीप सावकास घेतली, तर आवाज आला. उतरून बघितलं. दोन नटं गळून पडल्याली, उरल्याली हातानं फिरत हुती. सीटखाली पाना बघाय गेलो..." ते थोडे हसले. "तवा ध्यानात आलं, पाना तर पूजेत हाय. म्हटलं, हातानंच आवळू आन बेतानं विट्यापतूर जाऊ."

त्यांच्या बोलण्यात कुणाला दोष नव्हता. दाजी पुढे पुष्कळ जगले, लाकडी पायानं बागेत उभे राहिले, मार्गशीर्षात जन्मलेल्या त्यांच्या मुलाला त्यांनीच चालायला शिकवलं, आणि तरी त्या जीपबद्दल आमच्या घरातल्या कुणालाही ते कधी उणा शब्द बोलले नाहीत. एखाद्यानं शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, असं आज वाटतं. त्या दिवशी तर मला काहीच वाटत नव्हतं. माझे कान गच्च झाले होते, दाजींचे ओठ हलताना दिसत होते.

आप्पांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर लांबलचक व्हरांडा होता, त्यात भिंतीकडेला लाकडी बाक. आम्ही बसलो. समोरून माणसं डबे घेऊन जात-येत होती. कुणीतरी कुणाला तरी सोनं देत होतं. आप्पा म्हणाले, "पान्याचं आईला सांगू नगंस. कदीच." मी मान हलवली. तो शब्द मी आई जाईपर्यंत पाळला.

मग मला राहवेना. मी म्हटलं, "आप्पा, मला ऐकू आलं हुतं. ते जीप वळवत हुते तवा. नटं सैल हायती हे मला कळलं हुतं, आन मी बोलले न्हाई." मला वाटलं ते मारतील. मारावं असं वाटत होतं. त्यांनी आयुष्यात माझ्यावर हात उचलला नव्हता, आज उचलतील आणि मग मला रडता येईल.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. हातातली आपट्याची पानं त्यांनी एकेक करून बाकावर ठेवली.

"तुला जाताना आलं," ते म्हणाले. "मला येताना आलं हुतं. जीप दारात उभी ऱ्हायच्या आदी."

मला आधी त्याचा अर्थच लागेना. मग लागला. सबंध दुपार होती त्यांच्याकडे. शिवाय आईनं जीपमधला पाना उचलला तेव्हा ते चार हातांवर बसले होते.

"मग आप्पा..." मी म्हटलं.

"पूजा मोडायची न्हवती," ते म्हणाले. "एवढंच. दुसरं काय बी न्हवतं."

मी बाकावर त्यांच्यापासून वीतभर लांब सरकले. ठरवून नाही, शरीर आपोआप सरकलं. आप्पांनी मान वळवून आमच्या दोघांमधली ती वीतभर जागा पाहिली आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागले. ते आणखी बावीस वर्षं जगले. मी त्यांची सेवा केली, त्यांना अखेरचं पाणीही मीच पाजलं, पण त्या दिवशी मी का सरकले, हे मला त्यांना कधी सांगता आलं नाही, आणि मीही गुन्हेगारच होते, मग मला सरकायचा काय अधिकार होता, हेही सांगता आलं नाही.